रेणूला वाट कोण दाखवतं?

या महिन्यातली काही पत्रं मी मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. विचारणारे वेगवेगळ्या वयांचे, कारणंही निराळी, पण सगळ्यांचा रोख एकाच ठिकाणी आहे: पेशीच्या पातळ पटलातून पदार्थ आत-बाहेर जातात तरी कसे? उत्तरांची लांबी सारखी नाही. ज्या प्रश्नाला जेवढं लागलं तेवढं लिहिलं आहे.

विसरणात ‘पदार्थ जास्त संहतीकडून (म्हणजे जास्त दाटीकडून) कमी संहतीकडे जातो’ असं पुस्तकात आहे. पण कमी कुठे आहे हे रेणूला कसं कळतं? वर्गात विचारलं तर ‘व्याख्या पाठ कर, दोन मार्कांना येते’ असं उत्तर मिळालं.
— अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी, तासगाव

व्याख्या पाठ करच, हातचे मार्क कशाला सोडायचे? पण तुझी शंका त्या व्याख्येपेक्षा शहाणी आहे.

रेणूला काहीही कळत नाही. जास्त कुठे, कमी कुठे, आत काय, बाहेर काय, कशाचा पत्ता नसतो. उष्णतेमुळे तो सतत धावत असतो, एवढंच. तू बसली आहेस त्या खोलीच्या हवेत ऑक्सिजनचा एकेक रेणू सेकंदाला चारशेहून जास्त मीटर या वेगाने सुटलेला असतो आणि लगेच कुणावर तरी आपटून भलतीकडे वळतो. पाण्यात तर इतकी दाटी, की स्वतःच्या आकाराएवढं अंतरही त्याला सरळ जाता येत नाही.

मग सगळे मिळून एकाच दिशेला सरकतात असं का दिसतं? शाळेचा हॉल डोळ्यांसमोर आण. मधोमध पडदा, पडद्याला एक फट. डावीकडे १०० मुलं, उजवीकडे २०, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी आणि आंधळी कोशिंबीर चालू. समजा, मिनिटभरात दहातलं एक मूल धडपडत फटीतून पलीकडे जातं. डावीकडून १० गेली, उजवीकडून २ आली. बघणारा म्हणणार, ८ मुलं कमी गर्दीकडे गेली. पण त्यातल्या एकानेही गर्दी पाहिलेली नाही! पुढे दोन्हीकडे ६०-६० झाली की इकडून ६ आणि तिकडून ६. धावपळ तेवढीच, फक्त जमाखर्च शून्य. यालाच समतोल म्हणतात. मी पेपर तपासायचे तेव्हा ‘समतोल झाल्यावर रेणूंची हालचाल थांबते’ या वाक्याखाली माझी लाल रेघ ठरलेली असायची.

अडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये हा जमाखर्च सूत्रात मांडला. दोन बाजूंच्या संहतींतला फरक मोठा, मधलं पटल पातळ आणि पसारा मोठा असेल तर पदार्थ भराभर पलीकडे जातो. आता फुप्फुस बघ. वायुकोशांचं, म्हणजे त्यातल्या हवेच्या बारीक फुग्यांचं, एकूण क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ. ऑक्सिजनचा दाब वायुकोशात १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, तर तिथे येणाऱ्या अशुद्ध रक्तात ४०. तू स्वस्थ बसली असशील तर रक्तपेशी तिथल्या केशवाहिनीतून (अगदी बारीक रक्तवाहिनीतून) पाऊण सेकंदात निघून जाते, आणि तिचा ऑक्सिजन त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच भरून होतो. फिकने सांगितलेल्या तिन्ही अटी एकाच जागी!

आता जे दोन मार्कांत मावत नाही ते सांगते. विसरण जवळच्या अंतराला झपाट्याचं आणि लांबच्या अंतराला अगदीच कुचकामी असतं. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, दसपट झालं की शंभरपट. ग्लुकोजच्या रेणूला पाण्यात पेशीएवढं, म्हणजे १० मायक्रॉन अंतर सरकायला सरासरी सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. एक सेंटिमीटरला सुमारे वीस तास. एक मीटरला वीस वर्षांहून जास्त. म्हणजे पोटात पचलेला लाडू नुसत्या विसरणाने पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा म्हटलं तर तोवर तुझं लग्नकार्य उरकून मुलं शाळेत जाऊ लागतील. म्हणून हृदय लागतं, म्हणून रक्ताभिसरण लागतं. लांबचा प्रवास पंपाच्या जोरावर होतो आणि शेवटचा तेवढा टप्पा विसरणाकडे सोपवलेला असतो. बहुतेक ऊतींमध्ये कुठलीही जिवंत पेशी जवळच्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपेक्षा लांब नसते, त्याचं कारण हेच.

जाता जाता त्या उदबत्तीबद्दल. देवघरातला वास ओटीवर येतो हे विसरणाचं उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. तो वास मुख्यतः हवेच्या हलण्याने येतो. हवा खरोखर ढिम्म असती, तर एवढं अंतर काटायला सुगंधाच्या रेणूंना काही दिवस लागले असते.

पेशीचं पटल मेदाचं असतं म्हणतात. तेल आणि पाणी तर मिसळत नाही. मग पाणी त्यातून पार होतं कसं?
— निवृत्त औषधविक्रेते, डोंबिवली

आयुष्य दुकानात काढलेल्या माणसाने विचारावा असाच प्रश्न आहे. मलम आणि काढा यांतला फरक तुम्हाला मी काय सांगणार?

पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर, पाठीला पाठ लावून उभे. हे १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी ओळखलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर एकपदरी पसरवला, तर तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरला. या दोन थरांची जाडी पाचेक नॅनोमीटर. अशी दोन लाख पटलं एकावर एक रचली तर कुठे एक मिलिमीटर भरेल.

त्यातून कोण जातं? ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड बिनदिक्कत जातात. मेदात विरघळणारी संप्रेरकंही जातात. ग्लुकोज जवळजवळ अडकतंच. आणि मिठातला सोडियम आयन इतका लहान असूनही जात नाही, कारण तो विद्युतभारित असतो आणि भोवती पाण्याचे रेणू लपेटून बसतो. ते पांघरूण टाकून मेदात शिरणं त्याला परवडत नाही. पाण्याच्या तुलनेत सोडियमची नुसत्या मेदातून जाण्याची क्षमता अब्जावधी पटींनी कमी आहे.

पाणी मात्र लहान आणि भाररहित असल्यामुळे थोडंफार थेट मेदातूनच झिरपतं. बराच काळ शास्त्रज्ञांनी यावरच समाधान मानलं होतं. पण मूत्रपिंड आणि रक्तपेशी ज्या वेगाने पाणी आत-बाहेर करतात त्याचा हिशेब झिरपण्याने लागेना. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्री हे आर-एच रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत होते. त्यांच्या नमुन्यात एक अनाहूत प्रथिन सारखं डोकावायचं. ते कशासाठी आहे याची खात्री करायला त्यांच्या गटाने बेडकाची अंडी घेतली. ही अंडी तळ्याच्या गोड्या पाण्यात राहतात आणि फुगत नाहीत, कारण त्यांचं पटल पाण्याला फारशी दाद देत नाही. त्या अनाहूत प्रथिनाचा संदेश देणारं आर-एन-ए अंड्यांत टोचलं, प्रथिन तयार होऊ दिलं आणि मग ती पातळ द्रावणात सोडली. काही मिनिटांत अंडी फुगली आणि फुटली! हे १९९२ चं काम. पुढे त्या प्रथिनाला ‘अ‍ॅक्वापोरिन’ नाव पडलं आणि २००३ मध्ये अ‍ॅग्री यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हे प्रथिन म्हणजे पटलातलं पाण्यापुरतं छिद्र. अशा एका छिद्रातून सेकंदाला तीनेक अब्ज पाण्याचे रेणू एकामागोमाग एक जातात, आणि तरीही हायड्रोजनचा आयन त्यांच्याबरोबर घुसू शकत नाही.

बराच वेळ पाण्यात राहिलं की बोटांना सुरकुत्या पडतात, ते परासरणच ना?
— गृहिणी, मालवण

नाही. परासरण म्हणजे पटलातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं. त्यानेच कातडी पाणी पिऊन फुगते, असं मीही विद्यार्थिदशेत ऐकलं होतं. पण बोटाची नस तुटलेली असेल तर त्या बोटाला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे. पाणी पिऊन कातडी फुगत असती तर नस असली काय आणि नसली काय! मज्जासंस्थेच्या हुकमाने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला भाग थोडा लहान होतो आणि वरची कातडी चुणते.

मला मधुमेह आहे. डॉक्टर म्हणाले, ‘रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी.’ रक्त तर पेशीला लागूनच वाहतं, मग साखर आत का जात नाही? आणि जेवणानंतर चालायला सांगितलंय, त्याचा काय संबंध?
— एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, चिपळूण

मास्तर, आधी ‘भरपूर’ म्हणजे किती ते बघू. मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त. साखर १०० आली, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज झालं पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. तुमचा आकडा २०० असेल तर दोन चमचे. सगळी धावाधाव त्या एका जादा चमच्यासाठी आहे.

वरच्या उत्तरात सांगितलंच आहे की ग्लुकोजला मेदातून वाट नाही. त्याला पटलातल्या वाहक प्रथिनाची मदत लागते. तुम्हाला वाहकाचं काम मी शिकवायला नको, फक्त हा वाहक तिकीट मागत नाही. ग्लुकोज जास्तीकडून कमीकडे आपल्या आपणच जातं, पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. अशा वाहकांच्या कुटुंबाला ‘ग्लुट’ म्हणतात. तांबड्या रक्तपेशीवर एक नंबरचा ग्लुट कायम तैनात असतो. स्नायू आणि चरबीच्या पेशींत चार नंबरचा असतो, आणि खरी गोम इथे आहे. तो एरवी पटलावर नसतोच, पेशीच्या आत बारीक पिशव्यांत ठेवलेला असतो. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या बाजूला येऊन चिकटलं की काही मिनिटांत त्या पिशव्या वर येऊन पटलात मिसळतात आणि ग्लुकोजला वाटा मोकळ्या होतात. इन्सुलिन साखर आत ढकलत नाही, वाटांची संख्या वाढवतं. आत शिरलेल्या ग्लुकोजला पेशी लगेच फॉस्फेट जोडते, त्यामुळे ते वाहकात बसत नाही आणि परत बाहेर येऊ शकत नाही. मोकळं ग्लुकोज आत अगदी कमी राहतं, बाहेरचं म्हणून येतच राहतं.

तुमच्या प्रकारच्या मधुमेहात (दुसऱ्या प्रकारचा असावा असं पत्रावरून वाटतं) इन्सुलिनचा हा निरोप पेशीला नीट पोचत नाही. मग चालण्याने काय होतं? स्नायू आकुंचन पावला की तो चार नंबरचे ग्लुट स्वतःच वर आणतो. ही वाट इन्सुलिनच्या निरोपापेक्षा वेगळी आहे आणि मधुमेहातही ती बहुतांशी शाबूत असते. जेवणानंतर साखर चढत असतानाच पायाचे मोठे स्नायू कामाला लावले की ती तिकडे वळते. औषधाइतकं सरळ आहे हे, आणि फुकट.

‘पेशी उपाशी’ हे मात्र अर्धंच खरं. मेंदू, तांबड्या रक्तपेशी, डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या यांच्या वाटा इन्सुलिनसाठी थांबत नाहीत. रक्तात साखर वाढली की डोळ्याच्या त्या पेशींत ती वाढणारच, अडवायची सोय नाही. डोळ्यांची तपासणी दरवर्षी का करायची, त्यामागे हे आहे. आणि इन्सुलिनचं इंजेक्शन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालायला जाताना खिशात खडीसाखर ठेवा. किती चालायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास. मशीन रक्तातला कचरा ओढून घेतं म्हणतात. मग चांगलं-वाईट त्याला कसं कळतं? साखर, मीठ का नाही ओढत? चार तास का? आणि दोन दिवसांनी साफ होणारच आहे, तर शहाळं का बंद?
— एक वाचक, पंढरपूर

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तासगावच्या मुलीने रेणूबद्दल विचारलं तेच तुम्ही मशीनबद्दल विचारलंत. मशीनलाही कळत नाही.

तिथे जी पारदर्शक नळकांडी लावतात तिच्यात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंच्या आतून ह्यांचं रक्त जातं, बाहेरून एक द्रव वाहतो. मधे फक्त तंतूंची सच्छिद्र भिंत. सगळ्या तंतूंचा मिळून पसारा दीड-दोन चौरस मीटर. युरिया, क्रिएटिनिन हे लहान रेणू त्या छिद्रांतून जाऊ शकतात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं जाऊ शकत नाहीत.

बाकीची हुशारी त्या द्रवाच्या पाककृतीत आहे. त्यात युरिया अजिबात नसतो, म्हणून रक्तातला युरिया तिकडे जात राहतो. सोडियम रक्ताइतकंच, लिटरला १३८-१४० मिलिमोलच्या (कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास, म्हणून जितकं जातं जवळपास तितकं येतं. ग्लुकोजही बहुधा रक्ताच्या पातळीचं घातलेलं असतं. पोटॅशियम मुद्दाम कमी ठेवतात, बरेचदा २ मिलिमोल, म्हणून रक्तातलं जादा बाहेर पडतं. बायकार्बोनेट मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे ते उलट द्रवातून रक्तात येतं आणि साठलेलं आम्ल मारतं. काय जाऊ द्यायचं आणि काय राखायचं हे द्रव तयार करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. ओढून घेणं म्हणाल तर ते फक्त पाण्याच्या बाबतीत होतं. अंगावर चढलेलं जादा पाणी दाबातला फरक देऊन काढतात, आधी-नंतर वजन करतात ते त्यासाठीच.

रक्त एका दिशेने आणि द्रव उलट्या दिशेने वाहतो, हेही मुद्दामच. तंतूच्या टोकाशी जवळजवळ साफ झालेल्या रक्ताला अगदी ताजा द्रव भेटतो, त्यामुळे फरक कुठेच संपत नाही. द्रव मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर. तिथल्या पाण्याच्या शुद्धीकरणाबद्दल तंत्रज्ञ इतके काटेकोर का असतात, हे त्या आकड्यावरून समजेल.

आता चार तास का. रक्त साफ करणं त्यातल्या त्यात सोपं. पण युरिया फक्त रक्तात नसतो, अंगभर पेशींच्या आतही असतो. रक्तातला कमी झाला की पेशींतला हळूहळू बाहेर येतो. मशीन काढल्यावर अर्ध्या-एक तासात रक्तातला युरिया पुन्हा थोडा चढतो, तो हाच मागून आलेला. घाई केली तर आणखी एक धोका असतो. रक्त फार झपाट्याने पातळ झालं आणि मेंदूच्या पेशींत युरिया मागे राहिला, तर पाणी त्या पेशींकडे वळतं. डोकेदुखी, मळमळ, कधी त्याहून वाईट. नव्या रुग्णाची पहिली डायलिसिस छोटी आणि सौम्य ठेवतात ती यामुळे.

आणि शहाळं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं. मशीनचा हात पोचतो तो फक्त त्या थोड्यापर्यंत. एका मोठ्या शहाळ्यातून पाचेकशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज मिळतं. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं ते काही तासांत बाहेर टाकतात. ह्यांच्या बाबतीत ते पुढच्या पाळीपर्यंत आतच राहणार, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं की थेट हृदयाचा ठोका बिघडतो, पुष्कळदा आगाऊ सूचना न देता. आठवड्यात जिथे दोन दिवसांची सुटी मधे येते, तिथे तर जास्तच जपायचं. ‘दोन दिवसांनी साफ होणारच आहे’ हा हिशेब कृपा करून करू नका.

असं कामाचं यंत्र पहिल्यांदा चालवलं विलेम कॉल्फ या डच डॉक्टरने, १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधल्या कांपेन गावी. युद्धामुळे काही मिळत नव्हतं. पटल म्हणून त्याने सॉसेजवर चढवतात ती सेलोफेनची नळी वापरली आणि ती लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळून द्रवात फिरवली. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून शुद्धीवर आली, ती त्याच्या यंत्राने वाचलेली पहिली रुग्ण. ह्यांना हे वाचून दाखवा. चार तास पडून राहायचंच असतं, तेवढाच विषय.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक नाही. पेशीपटल पदार्थ अडवतं, हे सातवी-आठवीच्या मुलांना दाखवता येईल असा प्रयोग सांगा.
— जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, किनवट तालुका

गुरुजी, बीट आणा. सोलून बोटाच्या पेराएवढे सारखे तुकडे करा आणि नळाखाली रंग यायचा जवळजवळ थांबेपर्यंत धुवा. ही पायरी गाळू नका, कारण सुरीने कापलेल्या पेशी फुटलेल्या असतात आणि त्यांचा रंग निघत राहतो. मग दोन काचेचे ग्लास. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चुलीवरून उतरवलेलं कडक पाणी. दोन्हींत सारखेच तुकडे टाका आणि मुलांना पाव तास बघू द्या. साध्या पाण्यात किंचित गुलाबी छटा येईल, गरम पाण्याचा ग्लास लालभडक होईल.

बिटाचा रंग पेशीच्या आतल्या रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पिशवीत) असतो. पाण्यात तो उत्तम विरघळतो, आत भरपूर आहे, बाहेर मुळीच नाही, तरी साध्या पाण्यात येत नाही. पटल धड असेपर्यंत संहतीचा फरक कितीही असो, त्याला वाट नसते. उष्णतेने पटलाची घडी विस्कटली की मग अडवायला कोणी उरत नाही. हे तुम्ही सांगू नका, मुलांना दोन्ही ग्लास दाखवून आधी त्यांच्याकडून ‘का’ काढून घ्या. कुणीतरी ‘गरम पाण्यात साखरही लवकर विरघळते, तसंच असेल’ असं म्हणेलच. त्याला खोडू नका. गरम पाण्यातला एक तुकडा धुऊन गार पाण्यात टाकायला सांगा. गार पाण्यातही त्याचा रंग सुटतच राहतो की नाही, ते त्यालाच बघू द्या. उकळतं पाणी मात्र तुमच्याच हाताने ओता.